स्पीकर आपल्याकडे बघत नाही

मोठ्या ऑर्केस्ट्रात साठ-सत्तर वादक असतात आणि पुढे एक जण हातात छडी घेऊन उभा असतो. तो स्वतः काहीच वाजवत नाही. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता याच कामासाठी जगभर नावाजले गेले. वादक त्याच्याकडे बघतात हे आपल्याला दिसतं. तोही सारखा त्यांच्याकडे बघत असतो, ते लक्षात येत नाही.

आपल्या पालघरकडे हे काम तारपकरी करतो, आणि वर वाजवतोही! भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान, मेण, एवढंच त्याचं वाद्य. श्वास तुटू न देता फुंकायचं आणि फिरायचंही. त्याने चाल बदलली की आपले पाय बदलतात. कमरेला हात घातलेली रांग वळते, पण तारप्याला पाठ दाखवत नाही. बाया दमल्या की त्याला कळतं, मग तो वाजवणं सैल करतो.

माणसं ताल कशी जुळवतात, यावर आता अभ्यास होतो. इंग्लंडचे मार्टिन क्लेटन यांनी आपल्याकडच्या ख्याल मैफलीचं चित्रीकरण बारकाईने तपासलं. तंबोरा छेडणाऱ्यांचे हात, तसं ठरलेलं नसतानाही, मधूनमधून एकमेकांशी जुळत होते. जर्मनीत २०१० साली चार वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही जोड्या एकत्र गाऊन-नाचून खेळल्या, काही गाण्याशिवाय तोच खेळ खेळल्या. नंतर जोडीदाराच्या गोट्या सांडल्या, तेव्हा गाणारी मुलं मदतीला जास्त धावली. भिशीच्या बैठकीआधी आपण गाणं म्हणतो ते उगाच नाही.

हे सांगायचं कारण, बोईसरच्या एका कार्यक्रमात आमच्या गटाला नाचायला बोलावलं. तारपकऱ्याचं मानधन वाचवायला आयोजकांनी स्पीकरवर रेकॉर्ड लावली. रांग दोनदा फुटली. मागच्या बाईचा पाय अडखळला, पण स्पीकर कुणासाठी थांबणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय कळणार म्हणा.

आता आमच्या गटाचा ठराव झालाय. सुपारी घेताना तारपकऱ्याचं मानधन आधी वेगळं लिहून घ्यायचं, आणि ते त्याच्याच हातात द्यायचं. ज्यांना हे जमणार नाही, त्यांच्याकडे आम्ही नाचायला जात नाही. यंदा दोन सुपाऱ्या त्यामुळे गेल्या. तिसऱ्याने मान्य केलं. नवीन भात आल्यावर तारीख आहे. मुलींना तारपा शिकवायला आमचा तारपकरी तयार आहे, फक्त भोपळे आत्ताच वेलीवर राखून ठेवा म्हणतो.