वेशीबाहेरचा कचरा

मालदीवची राजधानी माले हे जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं बेट, आणि त्यावर लाखाहून अधिक माणसं राहतात. कचऱ्याला जागा उरली नाही तेव्हा 1992 च्या सुमारास जवळच्या थिलाफुशीच्या उथळ पाण्यात तो ओतायला सुरुवात झाली. पाणी बुजलं, कचऱ्याचीच जमीन झाली आणि तिच्यावर वर्षानुवर्षं उघड्यावर आगी धुमसत राहिल्या. बेटावरच्या माणसाला कचरा लांब नेऊन टाकता येत नाही. लांब म्हणजे समुद्र, आणि त्याच समुद्रावर त्याचं पोट. मराठवाड्यातल्या आपल्या निलंग्याभोवती मात्र कोसभर काळं रान पसरलेलं, म्हणून वेशीबाहेर टाकला की आपलं काम संपलं असं आपण धरून चालतो. हा समज खोटा आहे, एवढंच मला आज मांडायचं आहे. वेशीबाहेरही कुणाचं तरी शेत असतं, शेताला लागून ओढा असतो, आणि आपल्या तालुक्यातलं पाणी शेवटी तेरणा-मांजरेलाच जातं. पुण्याला ही गोष्ट, शहराचा कचरा जिथे पडायचा त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवून सांगितली.

उष्ण प्रदेशातल्या घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो: भाजीची देठं, शिळी भाकरी, चहाचा चोथा, उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी. आपल्या उन्हात हे दोन दिवसांत आंबतं. वेगळं ठेवून त्याला हवा आणि बेताची ओल मिळू दिली, तर दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं. उष्णता इथे आपल्या बाजूने असते. तेच प्लास्टिकमध्ये कोंडून ढिगाखाली दाबलं की हवेविना कुजतं, मिथेन निघतो आणि ढीग पेटायला निमित्त पुरतं. जानेवारी 2016 मध्ये मुंबईच्या देवनार कचरा डेपोच्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता. आता एक साधी दुधाची पिशवी घ्या. कोपरा पूर्ण न तोडता कापली, धुऊन वाळत टाकली, तर भंगारवाला तिचे पैसे देतो. तिच्यातच कालची आमटी ओतून गाठ मारली, तर आमटीचं खत होत नाही आणि पिशवी भंगारात जात नाही. शिवाय ती गाठ सोडताना आत ब्लेड आहे की काच, हे सफाई कामगाराच्या बोटांना आधी कळतं. कचऱ्याचं काय होणार हे घराच्या उंबऱ्यावरच ठरतं. पुढची यंत्रं त्या निर्णयाच्या मागून चालतात.

‘आपल्याकडे लोक वेगळं करत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ला पाहावं. तिथे रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने दारातच वर्गवारी सुरू केली, ओल्याचा बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं. जुन्या कचरा डेपोची जागा लोक मुद्दाम पाहायला जाऊ लागले. वेंगुर्ला लहान आहे, हे खरं. पण निलंगाही काही मुंबई नव्हे, आणि वॉर्डावॉर्डाने काम केलं तर प्रत्येक वॉर्ड वेंगुर्ल्याहून लहानच भरेल. दुसरा आक्षेप मोठं यंत्र आणून सगळं जाळून टाकण्याचा. 1987 साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या मदतीने असा वीजप्रकल्प उभा राहिला आणि थोड्याच दिवसांत बंद पडला, कारण आपला ओला, मातीमिश्रित कचरा नीट जळतच नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो: आम्ही वेगळं करतो, पण गाडीत सगळं एकच होतं. ज्या घराने हा अनुभव घेतला त्याच्याकडून पुन्हा शिस्त मागण्याचा हक्क कुणाला उरत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी नागरिकावर वेगळं देण्याची जबाबदारी टाकली, तशी पालिकेवर वेगळं नेण्याचीही टाकली होती. पहिली मोडली तर दंड आणि दुसरी मोडली तर काहीच नाही, हे चालणार नाही. वापरलेले पॅड आणि डायपर यांना मात्र अजून सोपं उत्तर नाही. ते कागदात गुंडाळून, खूण करून निराळे द्यावेत, आणि बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा भार उचलावा, हे आपण मागत राहिलं पाहिजे.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी आहे. पूर्वी उकिरड्यातलं शेण, राख आणि केरकचरा मृगाच्या आधी बैलगाड्यांनी रानात जायचा, आणि ते जमत होतं कारण त्यात प्लास्टिक नव्हतं. शहराचं खत सोयाबीन-तुरीच्या रानात नेता येईल, पण अनवाणी पायाने काम करणाऱ्या शेतकऱ्याला त्यात काचेचा एक तुकडा सापडला, की तो दुसरी गाडी बांधावर येऊ देणार नाही. तेव्हा घंटागाडीत ओल्याचे आणि सुक्याचे कप्पे खरोखर निराळे असावेत, मिसळलेला कचरा दारातूनच परत करावा, आणि तयार खत चाळून, तपासून मगच शेतकऱ्याला द्यावं, ही मागणी नगरपालिकेकडे आपण नागरिकांनीच घेऊन जायची आहे, या पावसाळ्याच्या आत.