क्रूझची बॅग, खान्देशातून भरताना

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे टाकतोय. बोलल्यासारखाच ठेवलाय, थोडाफार नीट केलाय इतकंच.

आजचा विषय म्हटला तर साधा आहे: क्रूझला जाताना कपडे कोणते न्यायचे. तुम्ही म्हणाल, जळगाव-धुळ्याला समुद्र कुठंय? नाहीये, आणि म्हणूनच हा भाग. मुंबईचा माणूस समुद्राच्या हवेत वाढतो, त्याला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. आपल्याला लागतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आंग्रिया नावाची क्रूझ सुरू झाली. मग २०२१ मध्ये कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे मोठं जहाज आलं. जहाज मूळचं १९९० चं, फ्रान्समध्ये बांधलेलं, अकरा डेकचं. आता मुंबई बंदरात नवीन क्रूझ टर्मिनलही झालंय, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. जळगावहून मुंबई रेल्वेने साधारण ४२० किलोमीटर. म्हणजे रात्री गाडीत बसलं की सकाळी बंदराच्या जवळ. त्यामुळे आपल्याकडची नोकरीला लागलेली पोरं आता आई-बाबांना घेऊन तीन रात्रींची मुंबई-गोवा-मुंबई ट्रिप करायला लागलीत. आमच्या घरीही तेच ठरलं.

आणि ठरल्याबरोबर आईचा पहिला प्रश्न: "तिथे साडी चालेल का रे? नसेल चालत तर तुम्ही दोघं जाऊन या."

या प्रश्नावर मी थांबलो. तिकीट काढलेलं, सुट्टी टाकलेली, आणि सगळं अडतंय कशावर, तर आपण तिथे शोभू का यावर. रील्समध्ये क्रूझ म्हणजे लांब गाऊन, मोठी हॅट, पांढरी लिननची पँट. ते बघून घरातली मोठी माणसं मनातल्या मनात मागे सरकतात. नाहीतर मग आपण घाबरून तिकिटाएवढ्याच पैशांची खरेदी करून बसतो. दोन्हीची गरज नाही.

ड्रेस कोडचं सांगतो. बहुतेक जहाजांवर दिवसा कोणी काही बघत नाही. संध्याकाळी मुख्य डायनिंग हॉलमध्ये हाफ पँट, बनियन आणि साधी चप्पल चालत नाही. पुरुषांना कॉलरचा शर्ट आणि फुल पँट पुरते. म्हणजे बाबा रोज दुकानात जातात तसेच! आणि साडी? साडी तर जगात कुठल्याही जहाजावर फॉर्मल कपड्यात मोडते. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग एवढं काय घाबरवत होतास?" घाबरवत होतं इंस्टाग्राम, बोलणी मी खाल्ली.

आता मुद्द्याचं. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. म्हणून आपला कूलर मस्त चालतो, आणि गच्चीवर टाकलेली जीन्स तासाभरात कडक वाळते. समुद्रावरच्या हवेत आधीच पाणी भरलेलं असतं. घाम उडत नाही, कपडा वाळत नाही. आणि आपण कुठले? कापसाच्या मुलुखातले. पांढरं सोनं आपल्याच शेतात पिकतं, त्यामुळे "कॉटनच बरं" हे आपल्या रक्तात आहे. पण कापसाचा धागा पाणी धरून ठेवतो. सर्वसाधारण दमट हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस नुसत्या हवेतून सात-आठ ग्रॅम पाणी ओढतो, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. म्हणून सरळ हिशोब: अंगाला लागणारा शर्ट पातळ सुती असू द्या, मलमल किंवा पॉपलीन. जाड जीन्स मात्र एकच, तीही प्रवासात घालायला. ती बॅगेत भरली तर पाऊण किलो वजन, आणि एकदा भिजली की घरी येईपर्यंत ओलीच.

कपडा वाळतो का, हे घरी तपासून घ्या. पण गच्चीवर नाही हं! आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, "माझ्या लॅपटॉपवर चालतं", तसं होईल ते. रात्री कपडा धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा, आणि बंद बाथरूममध्ये टांगा. सकाळी कोरडा असेल तर तो जहाजावर चालेल. ओलसर असेल तर तो घरीच राहील. इतकी सोपी परीक्षा आहे.

आता संख्या. तीन रात्री, चार दिवस. लोक दिवसाला तीन जोड धरतात आणि बारा जोड भरतात. त्याऐवजी गुणाकार करा. चार वरचे आणि तीन खालचे कपडे, सगळे एकमेकांवर चालणारे, की झाले बारा वेगवेगळे जोड. कपडे फक्त सात. त्यावर एक पातळ ओव्हरशर्ट किंवा जॅकेट घेतलं, की तेच बारा आणखी बारा प्रकारे. पण अट एकच: खालचे तिन्ही शांत रंगाचे हवेत. नेव्ही ब्लू, खाकी, काळा. एक लालभडक फुलाफुलांची पँट घेतलीत की तिच्यावर एकच शर्ट जातो आणि गुणाकार तिथेच मोडतो. बॅगेत टाकताना प्रत्येक कपड्याला विचारा: तू किमान दोन ठिकाणी चालशील का? डेकवर आणि जेवायला? गोव्यात आणि परतीच्या गाडीत? उत्तर "नाही" असेल तर ठेवा कपाटात.

ते जॅकेट सोडू नका. बाहेर दमट, पण आत एसी जबरदस्त. आणि रात्री डेकवर वारा असतो. आपल्याकडे डिसेंबरच्या थंडीत वापरतो ती पातळ शाल आईसाठी उत्तम.

साडीचं खास. वाऱ्याला पदर उडतो, त्यामुळे सेफ्टी पिना जास्तीच्या घ्या. जरीची भारी साडी नको, खारा ओलावा तिला सोसत नाही. जॉर्जेट किंवा तत्सम, घडी न पडणाऱ्या दोन साड्या पुष्कळ. गोव्यात उतरून फिरायच्या दिवशी पंजाबी ड्रेस. लक्षद्वीपला जाणार असाल तर जहाजातून छोट्या बोटीत उतरावं लागतं, त्या दिवशी तर नक्कीच ड्रेस, आणि मागे पट्टा असलेली, न घसरणारी सँडल.

स्विमिंग पूलमध्ये सुती टी-शर्ट आणि बर्मुडा सहसा चालत नाही. नायलॉनचा पोशाखच लागतो, अंगभर हवा असेल तर तसाही मिळतो.

आता पटापट बारीकसारीक गोष्टी. जहाजाच्या खोलीत इस्त्री नेऊ देत नाहीत, आगीची भीती असते. त्यामुळे चुरगळणारा कपडा नकोच. चुरगळलाच, तर गरम पाण्याच्या अंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये टांगून ठेवा. खोलीच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, चुंबकाचे हुक घ्या, ओले कपडे टांगायला फार कामाला येतात. मोठी बॅग बंदरावरच जमा होते आणि खोलीत पोचायला काही तास लागू शकतात. म्हणून हातातल्या पिशवीत ओळखपत्र, औषधं, चार्जर, एक जोड आणि पोहायचे कपडे. काही जहाजांवर शेवटच्या रात्री बॅग दाराबाहेर ठेवायला सांगतात. तेव्हा सकाळचे कपडे आधी बाजूला काढा, नाहीतर नाईट पँटवर मुंबईत उतराल!

आमची खरेदी शेवटी किती झाली? तीनच वस्तू. फुले मार्केटमधून आईची सँडल, माझी पोहायची चड्डी, आणि बाबांना लवकर वाळणारा एक टी-शर्ट, जो त्यांनी "हा काय प्लास्टिकचा?" म्हणत घेतला. बाकी सगळं कपाटातलं. तिघांच्या मिळून दोन बॅगा.

तर मंडळी, सांगायचं इतकंच. घरातलं कोणी "आपल्याला तिथलं जमणार नाही" म्हणालं, तर त्यांच्यासाठी नवं कपाट विकत आणू नका. त्यांच्याच कपाटासमोर त्यांच्याबरोबर बसा आणि त्यातलं काय चालतं ते एकेक करून दाखवा. आमच्याकडे तासभर लागला, आणि आईच्या दोन साड्या तिने स्वतः निवडून बॅगेत ठेवल्या.

तुमच्या घरच्यांनी बॅगेत काय काय कोंबलं होतं ते व्हॉइस नोट करून पाठवा. शेवेचा डबा आणि कळण्याचं पीठ मीही बाहेर काढलंय, त्यामुळे लाजू नका. भेटू पुढच्या भागात!