ओट्याखालची माणसं

रेणापूरच्या शिवारात आमचं चार एकर रान होतं. बांधालगत कडुलिंबाच्या सावलीत मातीचे तीन ओटे. एक पणजोबांचा, एक आजोबांचा, तिसरा अप्पांचा. एकावरही नाव नाही. घरात सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून कुणाला लिहावंसं वाटलं नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस लिंगैक्य झाला की त्याला जाळत नाहीत, मातीत बसवतात. 'बसवतात' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. देह आडवा ठेवत नाहीत. पद्मासनात, डाव्या तळहातावर इष्टलिंग, जणू पूजेलाच बसलाय. वर बेलाची पानं, भस्म आणि मग सगळ्यांनी द्यायची माती. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, माणसामाणसांतला उच्चनीचपणा नाकारला. शेवटचा खड्डाही त्यामुळं सगळ्यांचा सारखाच.

खड्डा सारखा, पण जागा सारखी नव्हती. ज्याला रान, तो आपल्या रानात. ज्याला नाही, तो गावकुसाबाहेर मिळेल तिथं. लातूर-नांदेडकडच्या अनेक गावांत दफनभूमीची मागणी होत आली आहे, ती याचसाठी. आणि रानातली समाधी तरी कुठं पक्की? सातबाऱ्यावर विहीर येते, आंब्याचं झाड येतं. मातीत बसलेला माणूस सहसा येत नाही.

याची जाणीव मला पहिल्यांदा झाली ती किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट आपल्याकडं कोण विसरेल? सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली. घरं हलली, देव हलले. पिढ्यान्‌पिढ्या मातीत ठेवलेली माणसं मात्र जुन्याच जागी राहिली. जिवंत माणसांचा संसार उभा करण्याची घाई असताना त्यांचं कोण बघणार?

नंतर मेनोनाइट लोकांविषयी वाचनात आलं. सोळाव्या शतकातल्या मेनो सायमन्सच्या नावानं ओळखला जाणारा हा ख्रिस्ती पंथ. शेती करायची, साधं राहायचं, शस्त्र हाती धरायचं नाही. त्यांच्यातलेच काही अमेरिकेतून १८९९ साली आपल्या शेजारच्या छत्तीसगडात, धमतरीला आले आणि दुष्काळातल्या अनाथ मुलांना त्यांनी आसरा दिला. याच पंथातल्या शेतकऱ्यांनी १७८९मध्ये आजच्या युक्रेनमधल्या नीपर नदीकाठी खोर्तित्सा ही वसाहत केली होती. तिथं गावं झाली, गावागणिक दफनभूमी झाल्या. विसाव्या शतकात क्रांती आणि युद्धांनी ती माणसं उठली, कॅनडापासून पराग्वेपर्यंत पांगली. मागं राहिलेल्या थडग्यांचे कितीतरी दगड सोव्हिएत काळात बांधकामाला, घरांच्या पायात गेले. त्या दगडांवर तर नावंही कोरलेली होती!

तेव्हा कळलं, दगड राखण करत नाही. राखण करतो तो येणारा-जाणारा माणूस.

आणि तोच माणूस कमी होत चालला होता. एक भाऊ पुण्याला, मी लातूरला. रान बटईनं. रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला आणि आम्ही विकायचं ठरवलं. व्यवहार ठरला त्या संध्याकाळी आई एवढंच म्हणाली, "रान विका बाबांनो. तुमच्या अप्पाला विकू नका."

त्या रात्री दोघा भावांना झोप लागली नाही. सकाळी घेणाऱ्याकडं गेलो. भला माणूस. त्याच्याही आजोबांची समाधी दुसऱ्याच्या रानात गेलेली होती. खरेदीखतात एक ओळ घातली: तिन्ही समाध्यांना धक्का लावायचा नाही, तिथं जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवायची. थोडा भाव कमी घेतला. त्याचं दुःख नाही.

कागद झाला, पण वाट पायांनीच राहते. म्हणून वर्षातून एकदा मुलांना घेऊन जातो. कुठला ओटा कुणाचा, ते त्यांच्या तोंडून वदवून घेतो. गेल्या खेपेला धाकटीनं विचारलं, "बाबा, आजोबा अजून बसलेलेच आहेत का?"

मी म्हटलं, "हो. आपण येतो तोवर बसलेले आहेत."