पाळलेल्या सापाची ऊब



सापाचे नाव काढले की आपल्याकडे नागपंचमी, गारुडी आणि मांत्रिक हे तिघे आधी डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मी या तिघांनाही बाजूला ठेवणार आहे. घरात पाळलेल्या सापाच्या पेटीतील ऊब कशी सांभाळावी, हा माझा विषय आहे. प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. आपल्या रानातील साप घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि परदेशी जातींपैकी पुष्कळांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे करावी लागते. तेव्हा माझ्या वर्गातील मुलांनी हे भाषण ऐकून कुंपणातली धामण दप्तरात घालून आणू नये! मी सांगते ती हकीकत इंग्लंडातील आहे.

माझी धाकटी बहीण म्हापशाहून स्विंडनला जाऊन स्थायिक झाली. त्या शहरात गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. २०२३ च्या नाताळात मी तिच्याकडे गेले, तेव्हा माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याने मोठ्या अभिमानाने मला एक काचेची पेटी दाखविली. आत हातभर लांबीचा, तपकिरी पट्ट्यांचा एक अजगर होता. ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. इंग्रजीत तिला बॉल पायथन म्हणतात, कारण भ्याली की ती डोके आत घेऊन चेंडूसारखी गोळा होते. भाच्याने त्याचे नाव ‘लाडू’ ठेवले होते.

“मावशी, तो काही करीत नाही,” तो म्हणाला. “बघ ना, दोन दिवस पाण्याच्या भांड्यातच बसला आहे. त्याला आंघोळ फार आवडते.”

मी शाळेत विज्ञान शिकविते. सापांतले मला काही कळत नव्हते. परंतु वैशाखात म्हैस डबक्यात का बसते, हे बेळगावात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. “अरे, त्याला उकडत तर नसेल?” मी विचारले. बाहेर बर्फाळ वारा, आणि मी उकाड्याची गोष्ट काढली म्हणून सगळे हसले. तरी मी झाकण सरकवून पेटीच्या उजव्या तळाला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

घडले होते ते असे. पेटीच्या उजव्या अर्ध्या भागाखाली विजेवर तापणारी चटई होती. ती किती तापवावी हे ठरविणारा थर्मोस्टॅट होता, आणि त्याचा तापमान ओळखणारा तारेचा टोकदार खिळा उबदार तळावर टेकवून ठेवलेला होता. सापाने वळसे घेता घेता तो खिळा ढकलून थंड बाजूला, पाण्याच्या भांड्यापाशी नेला. तेथे गारवा, तेव्हा थर्मोस्टॅटला वाटले की पेटी थंड आहे, आणि त्याने चटई रात्रंदिवस चालू ठेवली. तबकडीवर ३२ अंशांची खूण जशीच्या तशी होती. शेजाऱ्याकडून उष्णतामापक आणून तळावर धरला, तर आकडा आला ४४!

लाडूला उचलून पाहिले, तेव्हा पोटाखालचे खवले तांबूस होऊन फुगलेले दिसले. भाच्याचा चेहरा उतरला. “मी रोज तबकडी बघत होतो, मावशी,” एवढेच तो म्हणाला.

या ठिकाणी एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. या अजगराच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खळग्या असतात. काळोखात उंदराच्या अंगाची ऊब त्याला दुरून कळते. असे असूनही तापलेल्या तळावर पडलेले साप पुष्कळदा भाजेपर्यंत हलत नाहीत. निसर्गात त्यांची ऊब वरून, सूर्याकडून येते आणि जमिनीत शिरले की गारवा मिळतो. बिळाचा तळच तव्यासारखा तापावा, असे त्यांच्या अनुभवात कधी येत नाही. हे कारण माझ्या तर्काने मी सांगते. भाजलेले साप मात्र पशुवैद्यांकडे नित्य येतात.

पशुवैद्य बाईंनी मलम दिले, आणि जखमेत भुसा जाऊ नये म्हणून सालींच्या भुशाऐवजी साधा कागद अंथरायला सांगितले. मग त्यांनी माझ्या भाच्याला समोर बसवून जे समजावले, तेच मी आपल्याला सांगते.

साप स्वतःच्या शरीरात आपल्यासारखी ऊब निर्माण करीत नाही; तो जागा बदलून ती मिळवितो. म्हणून सबंध पेटी सारखीच तापविणे ही मोठी चूक होय. या जातीला एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला सुमारे २५ अंश लागतात. दोन्ही टोकांना लपण्याची जागा हवी, नाहीतर भित्रा प्राणी आडोशासाठी नको त्या तापमानात पडून राहतो. खाल्ल्यानंतर ऊब कमी पडली, तर भक्ष्य पोटात कुजू लागते आणि साप ते उलटून टाकतो. बरेच दिवस गारठा राहिल्यास श्वसनाचे विकार जडतात. तथापि गारठ्यापेक्षा अतिउष्णता अधिक घातक, कारण ती सुधारायला वेळच देत नाही. याच कारणाने काचेची पेटी खिडकीतल्या उन्हात कधीही ठेवू नये.

थर्मोस्टॅटची तबकडी हा आपला केवळ हुकूम असतो. तो पाळला गेला की नाही हे दोन्ही टोकांना निराळे तापमापक ठेवून पाहावे लागते. खिळा चिमट्याने पक्का बसवावा. दिवा किंवा चिनीमातीचा तापक वरून लावला, तर त्याला जाळीचे आवरण असावे, कारण साप उबेसाठी त्यालाच विळखा घालतो. आणि हे सारे रिकाम्या पेटीत चार दिवस चालवून, रात्रीचेही आकडे लिहून, मगच साप घरी आणावा. आमच्याकडे क्रम उलटा झाला होता: साप शनिवारी आला आणि तापमापक पुढच्या पगाराला घेऊ असे ठरले!

लाडू वाचला. दोनदा कात टाकल्यावर पोटावरची जखम भरली. चार-पाच खवले मात्र वेडेवाकडे राहिले आहेत. ही जात वीस-तीस वर्षे जगते, म्हणजे ती खूण भाच्याला बरीच वर्षे दिसत राहणार. आता तो पेटीजवळ वही ठेवतो आणि दर रविवारी मला फोनवर दोन आकडे कळवितो. गेल्या रविवारी उजवीकडे ३२ होते, डावीकडे २५. आणि लाडू पाण्याच्या भांड्यात नव्हता.