मोह येण्याआधी वचन



आज आपण मोहाविषयी बोलणार आहोत. मोह म्हटलं की दारूचा गुत्ता किंवा सोन्याचं दुकान डोळ्यांपुढे येतं. पण आपल्या दारात येणारा मोह बहुतेक वेळा गरजेचं लुगडं नेसून येतो. समजा, मृग लागलाय, बियाण्याला पैसे नाहीत, आणि बचत गटाची पेटी आपल्याच घरात आहे. मनात कुणीतरी हळूच म्हणतं, "आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे. बैठकीआधी परत ठेवू. कुणाला कळणार?" किती समजूतदार बोलणं! म्हणूनच तो मोह आहे हे ओळखू येत नाही.

प्रभू येशूपुढेही मोह असाच आला. मत्तयाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात ही गोष्ट आहे. रानात चाळीस दिवस आणि चाळीस रात्री उपास झाला होता. पोटात आग पडली होती. तेव्हा सैतान म्हणाला, तू देवाचा पुत्र आहेस ना, मग या धोंड्यांच्या भाकरी कर. आता भाकर खाणं हे काही पाप नाही, आणि भूकही खरीच होती. मोह भाकरीत नव्हता, ती कोणत्या वाटेनं मिळवायची यात होता.

येशूनं हुज्जत घातली नाही. त्यानं शास्त्रातलं वचन सांगितलं. त्याचा भावार्थ असा, की नुसतं पोट भरल्यानं माणूस जगत नाही, त्याला देवाचा शब्दही लागतो. हे वचन मोशेच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात आठव्या अध्यायात आहे. तिथं रानातल्या मान्न्याची आठवण दिली आहे. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात त्याची सगळी हकिकत येते. इस्राएल लोकांना देव रोज सकाळी मान्ना देई. ज्यानं त्यानं घरच्या माणसांपुरतं गोळा करायचं. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी दडवून ठेवलं, तर त्यात किडे पडले. फक्त शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मोकळीक होती. देवानं भुकेल्याला उपाशी ठेवलं नाही, पण हावेला लगाम घातला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. रानात येशूच्या हाती ग्रंथ होता, असं कुठं लिहिलेलं नाही. सैतान तीनदा आला, येशूनं तीनदा वचनानं उत्तर दिलं, आणि तिन्ही वचनं अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. म्हणजे ती आधीच मनात साठवलेली होती. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. मोहाच्या घटकेला पानं उलटायला सवड नसते.

दुसऱ्या वेळचा मोह तर फार सावध करणारा आहे. सैतानानं येशूला मंदिराच्या उंच टोकावर नेलं आणि म्हणाला, मार उडी, देवदूत तुला झेलतील असं शास्त्रातच आहे. पाहा, सैतानसुद्धा वचन सांगतो! ते एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलं होतं. पण ते स्तोत्र देवावर भरवसा ठेवणाऱ्याला धीर देण्यासाठी आहे, देवाची परीक्षा पाहण्यासाठी नाही. येशूला शास्त्र पुरतं ठाऊक होतं, म्हणून तो फसला नाही.

अर्धं वचन आपल्यालाही ऐकवलं जातं. घरात मार खाणाऱ्या बाईला सांगतात, "इफिसकरांच्या पत्रात लिहिलंय, बायकोनं नवऱ्याच्या अधीन राहावं." तोच पाचवा अध्याय पुढं-मागं वाचा. आधी सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहावं असं आहे. पुढं नवऱ्याला सांगितलंय, की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती कर. हात उगारायला त्यात कुठंच जागा नाही. अर्धं वचन पाठ असलेल्याच्या हाती ती काठी होते. म्हणून वचनाचं आगंमागं आपल्याला माहीत हवं.

कुणी म्हणेल, आम्हाला वाचता येत नाही. बायांनो, आपल्या आज्यांना तरी कुठं येत होतं? जात्यावर बसून त्या ओव्यांमागून ओव्या म्हणत. पाठांतराला पाटी लागली नाही, कान आणि जीभ पुरली. कमी शिकलेल्या बायकांनाही देवाचं वचन कळावं म्हणूनच पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते बायबल छापून आलं. केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांनीच छापखान्यात त्याचे खिळे जुळवले.

पेटीच्या मोहासाठी एक वचन सांगते. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात एक प्रार्थना आहे. तिचा अर्थ असा: देवा, मला फार श्रीमंत करू नकोस, नाहीतर मी तुला विसरेन. फार गरीबही करू नकोस, नाहीतर चोरी करीन. मला माझ्या वाट्याची भाकर दे. किती खरं बोलणं आहे! गरिबी माणसाला कुठवर ढकलते हे शास्त्राला माहीत आहे, आणि ते देवापुढं बोलायची त्यानं आपल्याला मुभा दिली आहे. मोह झाला म्हणजे पाप झालं, असं नाही. येशूलाही मोह घातला गेला, पण त्यानं पाप केलं नाही.

मात्र वचन म्हणजे मंत्र नव्हे. ते म्हणायचं आणि मग पाऊल उचलायचं. पौलानं करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्रात, दहाव्या अध्यायात लिहिलंय, की मोहाबरोबर देव सुटायची वाटही ठेवतो. बियाण्याला पैसे नसतील तर ती वाट गटाच्या बैठकीतच असते. पेटी रात्री एकटीनं उघडायची नाही. दिवसाढवळ्या सगळ्यांपुढं सांगायचं, "मला कर्ज हवंय." वहीत लिहून घ्यायचं, अंगठा किंवा सही द्यायची. रक्कम तीच, पण एका वाटेनं ती चोरी होते आणि दुसऱ्या वाटेनं हक्काचं कर्ज. आणि बाकीच्यांनी अशा बहिणीला हिणवायचं नाही. तिला लाज वाटली तर ती पुन्हा अंधाराचीच वाट धरेल.

तर या आठवड्यात एवढं करा. वाचता येणाऱ्या मुलीकडून किंवा सुनेकडून नीतिसूत्रांतली ती प्रार्थना पुढच्या-मागच्या ओळींसकट ऐका. भाकरी थापताना एकदा, पाण्याला जाताना एकदा म्हणा. आठ दिवसांत ती ओठांवर बसेल. मग गरजेचं लुगडं नेसून कुणी दारात आलं, तर उत्तर शोधत बसावं लागणार नाही.

देव तुम्हाला सांभाळो. नमस्कार.