उपग्रह खाली का पडत नाही?

१९७९ सालच्या जुलै महिन्यात ‘स्कायलॅब’ हे नाव सर्वतोमुखी झाले होते. १९७३ साली अमेरिकेने पृथ्वीभोवती सोडलेली, ७० टनांहून जड अशी ही प्रयोगशाळा आता खाली येणार होती; ती कुणाच्या डोक्यावर येईल, हाच काय तो घोर! ११ जुलै रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण मनात एक शंका येतेच. सहा वर्षे ही वर राहिली ती कशाच्या आधारावर? आणि पृथ्वीने तिला नेमके तेव्हाच का ओढावे?

या शंकेच्या मुळाशी एक समजूत आहे. हवेच्या पलीकडे गेले की पृथ्वीची ओढ संपते, असे पुष्कळांना वाटते. यानातली माणसे तरंगताना पाहिली की ही समजूत अधिकच पक्की होते. आपण थोडा हिशेब करू. आजचे आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. पण गुरुत्वाकर्षणाचे अंतर मोजायचे ते पृथ्वीच्या मध्यापासून, आणि आपण जमिनीवर उभे असतो तेव्हाच त्या मध्यापासून सुमारे ६,३७० किलोमीटर दूर असतो! त्यात आणखी ४०० मिळवून असा काय मोठा फरक पडणार? येथली ओढ एक रुपया धरली, तर तेथे ती ८९ पैसे भरते.

मग वजन जाते कुठे? विहिरीवर चला. भरलेला पोहरा वर ओढताना हाताला चांगलेच ओझे लागते. आता दोर सैल सोडून द्या. पोहरा खाली निघाला की हाताला काही भार लागत नाही. पृथ्वीने पोहऱ्याला ओढायचे थांबवले का? छे! ती ओढते आहे म्हणून तर तो पडतो आहे. थांबले ते आपले अडवणे. आपल्याला जाणवणारे वजन म्हणजे पडू न देणाऱ्या आधाराचा नेट होय. मग तो आधार जमिनीचा असो, खुर्चीचा असो की तागडीचा असो. १९८४ साली राकेश शर्मा ‘साल्यूत-७’ स्थानकात राहिले, तेव्हा ते आणि त्यांच्या पायाखालचे स्थानक दोन्ही बरोबरीने पडत होते. जी फरशी स्वतःच पडते आहे, ती पायांना नेट काय देणार? हा नेट दीर्घकाळ मिळाला नाही तर हाडे विरळ होतात, स्नायू ढिले पडतात. म्हणून यात्रींना तेथे नित्य व्यायाम करावा लागतो.

तुम्ही म्हणाल, पडत होते तर जमिनीवर का आदळले नाहीत? याचे उत्तर न्यूटनने देऊन ठेवले आहे. एका अत्युच्च पर्वतावर तोफ ठेवली आहे, अशी कल्पना करा. हवेचा अडथळा विसरून जा. गोळा आडवा सुटला तरी पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर खाली येणारच. पण पृथ्वी गोल आहे. सरळ रेषेत ७.९ किलोमीटर गेले, की जमीनही त्या रेषेच्या ४.९ मीटर खाली गेलेली असते. तेव्हा गोळ्याचा वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर असेल, तर तो जेवढा पडेल तेवढीच जमीन त्याच्याखालून वळेल. तो पडतच राहील आणि जमीन त्याला कधी सापडणार नाही! अवकाशस्थानक असेच पडत पडत सुमारे ९२ मिनिटांत एक फेरी पुरी करते. आपला चंद्रही पडतोच आहे. तो साठपट दूर असल्यामुळे त्याच्यावरची ओढ ३,६०० पटींनी कमी. म्हणून तो सेकंदाला जेमतेम दीड मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो, इतकेच.

आता स्कायलॅबचे कोडे उलगडते. पृथ्वी तिला पहिल्या दिवसापासून ओढतच होती. बदलले ते निराळेच. त्या उंचीवरही अगदी विरळ अशी हवा असते. तिच्याशी घासत घासत स्कायलॅबची कक्षा आकसत गेली. त्यातच त्या वर्षांत सूर्य अधिक क्षुब्ध झाला. वरची हवा तापून फुगली, घर्षण वाढले आणि प्रयोगशाळा अपेक्षेपेक्षा लवकर उतरली. आजच्या स्थानकालाही याच कारणाने अधूनमधून इंजिनाचा रेटा देऊन वर चढवावे लागते. आपले ‘इन्सॅट’ मालिकेतले उपग्रह मात्र सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. तेथे हवेची कटकट नाही.

तेव्हा संध्याकाळी एखादा तेजस्वी ठिपका आकाशातून सरकताना दिसला, तर तो पृथ्वीच्या तावडीतून सुटला असे समजू नका. ती ओढ नसती, तर तो केव्हाच सरळ रेषेत निघून गेला असता. पृथ्वीच्या ओढीमुळेच तो आपल्या वाटेवर आहे.