रंगविलेला शंकू
जुन्या रेडिओच्या लाउडस्पीकरमधील काळा कागदी शंकू कालांतरानें विटून तपकिरी पडतो, आणि हौशी मालकास तो रंगविण्याचा मोह होतो. वास्तविक जाळीच्या कापडाआड तो दिसतो तरी कोणाला? १९२५ सालीं राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं वर्णिलेल्या लाउडस्पीकरचें मर्म शंकूच्या हलकेपणांतच आहे. तैलरंगाचा जाड लेप चढला कीं वजन वाढतें, आवाज क्षीण होतो. उंच स्वर तर आधीं मावळतात. रंगवावयाचाच असेल, तर कागदांत मुरणारा पातळ रंग जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें लावावा. मधल्या वेटोळ्याच्या फटींत थेंबहि उतरतां कामा नये. कांहीं शंकूंच्या कडेस चिकट लेप असतो. तो मळलेला दिसला तरी खरवडूं नये. कंप तेथें शमावेत म्हणून तो मुद्दामच न वाळणारा ठेवलेला असतो. फाटलेल्या जागीं मात्र पातळ कागदाचें ठिगळ अवश्य लावावें.